तपकीर नव्हती ती

आधी माफी मागतो. आजार माझा नाही, माझ्या ताईचा आहे. मी डॉक्टरही नाही. परभणीला बीएस्सी ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारा मीच पहिला. त्यात मी पुरुष, आणि लिहायचं आहे बाईच्या शरीराबद्दल, तिच्या व्यसनाबद्दल. मला हे लिहिण्याचा काय अधिकार, असं वाटून दोनदा वही मिटून ठेवली. शेवटी ताईच म्हणाली, "मला लिहायला येत न्हाई अन् तुला बोलायला येत न्हाई. तू लिही. नाव तेवढं टाकू नको." म्हणून इथे ती फक्त ताई आहे. गाव मात्र आमचंच आहे. वालूर, तालुका सेलू.

लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. ताई दवाखान्यात होती तेव्हा मी मोबाईलवर मराठीत शोधत होतो. सापडल्या त्या पकडलेल्या मालाच्या बातम्या, नाहीतर सिनेमावाल्यांच्या भानगडी. कोकेन घेणाऱ्या बाईच्या नाकाचं काय होतं, हृदयाचं काय होतं, पाळीचं काय होतं, हे मला कळेल अशा भाषेत कुठेच नव्हतं. एखादा भाऊ किंवा एखादी आई आज दवाखान्याच्या बाकावर बसून असंच शोधत असेल. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

घोळणा

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बारावी झाल्यावर ती पुण्याला गेली आणि मोठमोठी लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम उभे करून देणाऱ्या एका ठिकाणी कामाला लागली. वर्षातून दोनदा घरी यायची. कॉलेजचा फॉर्म मला तिनेच फोनवरून भरायला लावला होता. गेल्या हिवाळ्यात ती न कळवता आली. गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे दिसायला लागलेले.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिच्या नाकातून रक्त आलं; मी तेव्हा होस्टेलवर होतो, मायने नंतर सांगितलं. आमच्याकडे याला घोळणा फुटला म्हणतात आणि त्यावरचे उपाय घरातल्या सगळ्यांना पाठ असतात. मायने कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, डोक्यावर गार पाणी ओतलं. थंडीचे दिवस. ताई कुडकुडत बसली.

"उष्णता झाली तिला," माय म्हणाली.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढायच्या मशीनवर काम करतात. त्यांचं मत वेगळं. "उष्णता कशाची? एसीची कोरडी हवा हाय ती. आमच्या जिनिंगमधी बी नाकं फुटतेत लोकायचे."

"तुमच्या जिनिंगमधी एसी हाय का?"

"रुई उडती की तिथं!"

"मंग हिच्या नाकात रुई गेली का?"

दोघांचं असं चाललं होतं आणि ताई कांदा नाकाशी धरून बसली होती. त्या कांद्याचा वास तिला येतच नव्हता, हे आम्हाला फार नंतर कळलं.

शनिवारी मी होस्टेलवरून घरी आलो. चुलीवर दूध उतू जाऊन करपलं होतं, वास गल्लीपर्यंत आलेला, आणि ताई चुलीपासून दोन हातांवर मोबाईल बघत बसलेली. मला नवल वाटलं. दुपारी ती झोपली तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिच्या श्वासाला बारीक शिट्टी होती. आत जाताना एक सूर, बाहेर येताना दुसरा.

"ताई, तुझ्या नाकात शिट्टी कशी काय वाजायलीय?" मी विचारलं.

"तुझ्या डोक्यात वाजायली असंल," ती म्हणाली आणि कूस बदलली.

माय अंगणवाडीत मदतनीस आहे. मी यायच्या आधीच तिने ताईला तिथे नेऊन गरोदर बायांच्या काट्यावर उभं केलं होतं. एकोणचाळीस किलो. मायने लगेच ठरवून टाकलं की रक्त कमी आहे, आणि लोहाच्या लाल गोळ्या सुरू केल्या. ताई त्या निमूटपणे घ्यायची. आज विचार करतो तेव्हा वाटतं, एवढं सगळं समोर होतं. वजन, रक्त, वास, शिट्टी. प्रत्येकाला आम्ही वेगळं नाव दिलं आणि प्रत्येकावर वेगळा उपाय केला.

सेलूचं स्टेशन

मी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती परत जायला निघाली. इतकी घाई की मायने दशम्या बांधेपर्यंतसुद्धा तिला दम निघेना. मोटरसायकलवर आम्ही तिघं. मी पुढे, ताई मधे, मागे माय. सेलूला पोहोचल्यावर माय केळी घ्यायला स्टेशनबाहेर थांबली. आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर आलो.

ताई बाकावर बसली आणि तिने डावा जबडा हाताने दाबून धरला.

"दाढ दुखायलीय."

मग तिच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे पडले. "मळमळायलंय," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आकाश, छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं हाय."

मी मायला हाक मारायला वळलो तर तिने माझा हात पकडला.

"आधी ऐक. माय यायच्या आत ऐक. मी पावडर घेते. कोकेन. दोन वर्षं झाले. होती नव्हती ती आज सकाळी संपवली. ती संपली म्हून मी चाललेय."

माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "म्हणजे पिक्चरमधल्यासारखं?"

तेवढ्या दुखण्यातही ती हसली. "पिक्चरमधल्यासारखं काहीच नसतं रे. लागोपाठ तीन-तीन कार्यक्रम असायचे. झोप येऊ नये म्हून एका पोरीनं देलती. पहिल्यांदा वाटलं, आपल्याला आता थकवा म्हून येणारच न्हाई."

गाडी आली. दोन मिनिटं थांबली आणि गेली. ती गेली तेव्हा ताईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि माय केळी घेऊन आमच्याकडे पळत येत होती.

माझं "हो"

स्टेशनपासून जवळचा जो दवाखाना दिसला तिथे रिक्षाने नेलं. आत गेलो आणि माझे पाय थांबले. कंपाउंडर आमच्या भावकीतला होता. त्याला आपण किसनदादा म्हणू. त्याचं घर आमच्या घरापासून चार घरं सोडून. इथे बोललेला शब्द दिवस मावळायच्या आत वालूरला पोहोचणार, असं माझ्या डोक्यात आलं.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, नाडी बघितली. ठोके फार जोरात होते. विचारलं, "काही व्यसन? तंबाखू, मिसरी?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना हळू आवाजात म्हणाली, "नाकातून पावडर घेते."

मायचा जीव भांड्यात पडला. तिचा चेहरा चक्क मोकळा झाला. "तपकीर वढती व्हय ग! अगं मंग सांगायचं की. डाक्टरसाहेब, माझी सासू बी वढायची तपकीर. डबी कमरंलाच असायची. मरस्तोवर काही झालं न्हाई बघा तिला. आजीची सवय घेतली वाटतं लेकरानं."

यात मायचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात नाकातून ओढायची पावडर म्हणजे तपकीर. दुसरी कोणती असते हे तिला कुणी कधी सांगितलं होतं?

डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली. "तपकीरच ना?"

किसनदादा बीपीचा पट्टा गुंडाळत उभा होता.

मी म्हणालो, "हो."

ताईने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "ठोके खाली आणायला हवेत. हे इंजेक्शन पळत घेऊन ये."

मेडिकल दवाखान्याच्या दारातच होतं. दुकानदाराने चिठ्ठीसाठी हात पुढे केला आणि मी ती दिली नाही. का, ते सांगतो. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की शेतकरी फवारणीचं विचारायला आला तर आधी विचारायचं, अगोदर काय फवारलंय? त्यावर दुसरं औषध चालतं की नाही हे बघितल्याशिवाय नाव सांगायचं नाही. चुकलं तर उभं पीक जळतं. मी काउंटरसमोर उभा होतो आणि हेच डोक्यात फिरत होतं. आत माझ्या बहिणीच्या अंगात एक औषध आहे, हातात दुसऱ्याची चिठ्ठी आहे, आणि अगोदर काय फवारलंय या प्रश्नाला मी खोटं उत्तर देऊन आलो आहे.

मी रिकाम्या हाताने परत आत गेलो. किसनदादा तिथेच होता. त्याच्यादेखत सांगितलं.

"सर, तपकीर नाही. कोकेन आहे. सकाळी घेतलंय."

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, तीवर आडवी रेघ मारली आणि दुसरं लिहिलं. "हे इंजेक्शन तिला आत्ता देणं धोक्याचं होतं. बरं झालं आलास."

"सर, पोलीस..."

"मी डॉक्टर आहे, ठाणेदार नाही. पळ."

वाचणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवावं. डॉक्टरला खरं सांगा. भावकीतला माणूस समोर उभा असला तरी सांगा. मला खरं सांगायला पाच मिनिटं उशीर झाला होता. ती पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही.

थायरॉईड

सेलूहून अँब्युलन्सने परभणीला नेलं. ती पावडर कसली, हे मी वाटेत मायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावातून फोन यायला लागले. मी घाबरत उचलला. पहिली आमची चुलती.

"काय रे आकाश, ताईला थायरॉड निघालं म्हनं?"

मला काही कळेना. मग मामा, मग शेजारची काकू. सगळ्यांना थायरॉईड. कुणी म्हणालं पत्ताकोबी देऊ नका, कुणी म्हणालं धन्याचं पाणी द्या, एका आत्याने स्वतःच्या गोळीचं नाव पाठवलं. तेव्हा उलगडा झाला. किसनदादाने त्याच दिवशी गावात जाऊन, कुणी विचारायच्या आधीच, थायरॉईड जाहीर करून टाकलं होतं. नंतर तो भेटला तेव्हा मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "कशाचं? मला काय ठाऊक न्हाई. मी तर बीपीचा पट्टा गुंडाळायलो होतो."

ज्या माणसाच्या भीतीने मी खोटं बोललो होतो तो असा निघाला.

वही

परभणीत दहा दिवस. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फक्त भेटीच्या वेळेत सोडायचे. बाकी वेळ माय आत, मी आणि अप्पा बाहेर बाकावर. मला प्रश्न सुचत राहायचे. नाकातून घेतलेली वस्तू हृदयापर्यंत कशी पोहोचते? दाढ का दुखली? वास परत येतो का? मी ते वहीच्या पानावर लिहून मायकडे द्यायचो, ती नर्सला विचारायची आणि उत्तर आणायची. उत्तरं ऐकण्यासारखी असायची. "सिस्टर म्हनल्या, नसा आकसतेत. तुझ्या आत्याच्या पायाच्या नसा आकसल्यात तशाच असतील." चौथ्या दिवशी डॉक्टर मॅडमनीच ती वही बघितली आणि मला आत बोलावलं.

मॅडम वयाने फार मोठ्या नव्हत्या, बोलायला सरळ. ताईला विचारलं, "पाळी किती महिने नाही आली?"

मायने माझ्याकडे बघितलं. मी उठून दाराकडे निघालो.

"कुठे चाललास? वही घेऊन आलायस ना? मग बस आणि लिही."

मी बसलो. ताई खाली बघत म्हणाली, "आठ महिने."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर तो शब्द इतर शब्दांसारखाच दिसला.

मॅडमनी मला जेवढं समजावलं तेवढं सांगतो. हा पदार्थ रक्ताच्या नळ्या आवळतो आणि हृदयाला पळवतो. म्हणजे हृदयाला जास्त रक्त लागतं तेव्हाच त्याला कमी मिळतं. दोन नाकपुड्यांमधली भिंत कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावर ती जगते. तेच आवळलं गेलं की ती उपाशी मरते. मला लगेच कपाशी आठवली. पाण्याचा ताण पडला की झाड पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, गाळतं. मी तसं म्हणालो, तर मॅडम म्हणाल्या, "हं, तसंच समज. आणि शरीर आधी काय गाळतं? आत्ता ज्याच्यावाचून चालेल ते. भूक जाते, चरबी जाते, मग पाळी जाते. पुढे हाडंसुद्धा ठिसूळ होऊ शकतात."

"बायकांना जास्त त्रास होतो का?"

"सगळं अजून नीट कळलेलं नाही. पण एक मी रोज बघते. पुरुषाच्या छातीत दुखलं की घर धावतं. बाईची दाढ दुखते, तिला मळमळतं, ती थकते, आणि घर म्हणतं अशक्तपणा आहे. तिला लोहाच्या गोळ्या देतात आणि ती उशिरा पोहोचते." मायचा चेहरा उतरलेला बघून त्या थांबल्या. "मावशी, मी तुम्हाला नाही म्हणत."

"मलाच म्हना जी," माय म्हणाली. "मीच देल्या."

त्या दिवशी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. मॅडमनी ताईला आणि मला दोघांनाच सांगितलं. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं शेकडा किती रक्त बाहेर ढकलतं त्याचा एक आकडा असतो. निरोगी माणसाचा साठच्या आसपास. ताईचा तीस.

"पूर्ण बंद केलंस तर यातलं बरंच परत येऊ शकतं," त्या ताईला म्हणाल्या. "येईलच असं लिहून देत नाही. पण एकदा जरी घेतलंस तरी हृदय कधी दगा देईल ते मी सांगू शकत नाही. चार महिन्यांनी पुन्हा बघू."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "तीस कुनाला सांगायचं न्हाई." मी अप्पांना आणि मायला एवढंच सांगितलं की हृदय जरा कमी काम करतं, चार महिन्यांनी कळेल.

नाकाच्या डॉक्टरांनी बारीक कॅमेरा घातला आणि मला पडदा बघू दिला. मधल्या भिंतीत एक भोक होतं. कडेला कोरड्या खपल्या. त्या भोकातून पलीकडची नाकपुडी दिसत होती. "शिट्टी इथून वाजते," डॉक्टर म्हणाले. हे भोक आपोआप बुजत नाही, काळजी घेतली तर वाढत नाही एवढंच. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मी टक लावून बघत राहिलो. दोन वर्षं आम्हाला जे दिसलं नव्हतं ते इतकं साधं होतं. चण्याच्या दाण्याएवढं.

भूक

पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. मग खायला लागली, मायचा डबा संपवून माझाही. आणि मग चिडायला लागली. मी भेटीच्या वेळेत आत गेलो तर म्हणाली, "आला मास्तर! शेतकी कॉलेजात गेलास म्हून डॉक्टर झालास का? जा, तुझ्या वांग्यावर काय फवारायचं ते फवार. माझं नको लिहू."

मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं, म्हणजे रडलेलं दिसू नये. दोन दिवसांनी तिनेच वही मागितली. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंस? 'चिडचिड.' चिडचिड न्हाई रे ती. उपाशी माणसासमोर ताट ठेवून हात बांधले तर कसं होईल? पोटात न्हाई होत ते. डोक्यात होतं. सगळं अंग एकच गोष्ट मागतं अन् ती गोष्टच आपल्याला मारायली हे पन ठाऊक असतं. तसं लिही."

म्हणून तसं लिहिलं आहे.

अप्पांना मी खरं काय ते बाकावर बसून सांगितलं होतं. त्यांचा एकच प्रश्न, "कुणी देलं तिला? नाव सांग." नाव मला माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या की इथून घरी न नेता व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा. परभणीतल्या दोन ठिकाणी फोन केला, दोन्हीकडे उत्तर एकच, "लेडीज घेत नाही." संभाजीनगरला एका ठिकाणी बायकांसाठी सहा खाटा होत्या, त्यातली एक रिकामी होती. अप्पा उसळले.

"येड्यायच्या दवाखान्यात ठेवू का लेकीला? उद्या लगीन कोन करंल तिच्याशी?"

"आधी जगू तर द्या तिला," माय म्हणाली. मायला मी एवढ्या वर्षांत अप्पांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मोबाईल काढून घेतो. घरातच ठेवतो. म्या बघतो कशी घेती ते."

"अन् तुम्ही जिनिंगला गेल्यावर?"

अप्पा उठून गेले. दुपारभर दवाखान्याच्या आवारात फिरत होते. परत आले ते माझ्याशेजारी बसले. डोक्यातले रुईचे कण त्यांनी दहा दिवसांत झटकले नव्हते.

"रोलरमधी काही गुतलं," ते म्हणाले, "तर चालू मशीनमधी हात घालतो तो येडा असतो. हातच जातो त्याचा. आधी मशीन बंद करावं लागतं. अन् ते एकट्यानं व्हत न्हाई, दोघं-तिघं लागतेत." मग माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं. "कुठं म्हनला, संभाजीनगर? चल, फोन लाव."

सहा खाटा

तिथे ताई दोन महिने राहिली. आठवड्यातून एक फोन. बाकीच्या पाचजणींत एक झोपेच्या गोळ्यांची, दोघी दारूच्या, एक आजी मिसरीची, आणि एक शिक्षिका होती जी कशासाठी आली हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजी ताईला रोज म्हणायची, "तुझं इंग्लिश येसन हाय बाई. आमचं आपलं देशी."

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर खोटं होईल. एकदा तिने बॅग भरली होती. गेटपर्यंत गेली होती. मिसरीच्या आजीने वाटेत बसकण मारली आणि म्हणाली, "माझे गुडघे दुखतेत, उठीव मला." उठवता उठवता अर्धा तास गेला. तेवढ्यात ती लाट ओसरली, असं ताई सांगते.

होळीच्या सुमारास ती घरी आली. माय रोज कोमट मिठाचं पाणी करून द्यायची, ताई त्याने नाक धुवायची. आठवड्याला अंगणवाडीचा काटा. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस. गरोदर बाया रांगेत उभ्या राहून तिला विचारायच्या, "तुमाला कितवा महिना?" ती म्हणायची, "माझ्या पोटात मीच हाय." वास अजून अर्धाच येतो. लसणाचा येतो, मोगऱ्याचा नाही. असं का, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे, उत्तर मिळालेलं नाही. एका दुपारी तिने मला होस्टेलवर फोन केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वही घे. तारीख टाक. पाळी आली." मी तारीख टाकली. आमच्या घरात भावाने बहिणीची ही तारीख लिहिण्याची पहिलीच वेळ असेल.

पण ते तीस माझ्या मनातून हलत नव्हतं. ती जिना चढली की मी तिच्या श्वासाकडे बघायचो. फोन उशिरा उचलला की मी लगेच मायला लावायचो. तिने परत घेतलं नसेल ना, आणि नसेलच घेतलं तरी गेलेलं परत आलं असेल का, हे दोन प्रश्न घेऊन मी झोपायचो आणि उठायचो.

फोन

चार महिने झाले त्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. जायला मिळालं नाही. ताई, माय आणि अप्पा परभणीच्या त्याच दवाखान्यात गेले. मी त्याच शहरात, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, उन्हाळी भुईमुगाच्या प्लॉटमध्ये. मोबाईल बॅगेत, बॅग बांधावर. सरांनी पानावरचे ठिपके दाखवून रोगाचं नाव विचारलं, मी काहीतरी सांगितलं. बाहेर आलो तर मायचे सात मिस्ड कॉल.

लावला. पलीकडून रडणंच ऐकू आलं.

"माय, काय झालं? ताई कुठंय?"

"आत हाय. मॅडमपाशी. म्या दारात उभी होते रे. ती मशीनवाली पोरगी मॅडमला म्हनली ते ऐकलं म्या." ती नाक ओढत म्हणाली, "पन्नास म्हनली रे आकाश. पन्नास. शंभरातलं पन्नासच राह्यलं का? अर्धंच हृदय राह्यलं का माझ्या लेकराचं?"

मी बांधावर बसलो. ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"नीट सांग. किती म्हणली?"

"पन्नास! पाचावर शून्य! कितीदा वदवून घेतोस?"

"माय," मी म्हणालो. "माय, आधी तीस होतं."

"तीस?"

"हो. निरोगी माणसाचंच साठ असतं. शंभर कुणाचंच नसतं."

"तीस होतं अन् तू मला चार महिने सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"मुडद्या!" माय म्हणाली. मग फोन तोंडापासून लांब धरून ती अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली, "अवो, ऐकलं का, वीसनं वाढलं!"

मागून अप्पांचा आवाज आला. "काय, वजन?"

"वजन न्हाई वो! हृदय! हृदय वाढलं!"